फोर्टमधला पायी इतिहास, सीएसएमटी ते गेटवे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा वॉक नक्की कुठून कुठपर्यंत आणि किती वेळ लागतो?

सीएसएमटीपासून सुरू करायचा, डी. एन. रोडने हुतात्मा चौकापर्यंत जायचं, तिथून डावीकडे वळून हॉर्निमन सर्कल आणि टाउन हॉल, मग परत मागे येऊन हायकोर्ट, युनिव्हर्सिटी, ओव्हल मैदान, काळा घोडा, म्युझियम (छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) आणि शेवट गेटवेला. सरळ नाकासमोर चाललात तर अंतर अडीच-तीन किलोमीटरच्या आसपास, पण सरळ चालायचंच नाहीये, गल्ल्यांमध्ये घुसायचं आहे, त्यामुळे चार-पाच किलोमीटर धरून चला. वेळ तीन-साडेतीन तास. घाईत दीड तासात पण होतो पण मग टॅक्सीच करा ना, चालायचं कशाला.

कुठला दिवस, किती वाजता?

रविवार, सकाळी सात. ऑफिसं बंद, फुटपाथ रिकामे, आणि मान वर करून चाललं तरी कोणी धडकत नाही. फक्त निघायच्या आधी मेगाब्लॉक कुठल्या लाइनला आहे ते बघून घ्या. ब्लॉक साधारण उशिरा सकाळी लागतो त्यामुळे येताना त्रास होत नाही, जाताना होतो. रविवारचा तोटा एकच, काही जागा आतून बघता येत नाहीत (हायकोर्ट, सीएसएमटीचं म्युझियम). ज्यांना आतूनच बघायचंय त्यांनी वर्किंग डेला एक फेरी वेगळी मारावी, एकाच दिवसात दोन्ही करायला जाऊ नका.

सगळे फोर्ट फोर्ट म्हणतात, पण किल्ला आहे कुठे?

नाहीये, पाडला. तरी हा सगळा वॉक त्या नसलेल्या किल्ल्याच्या भोवतीच फिरतो, त्यामुळे इथे जरा थांबून सांगतो.

मुंबई पोर्तुगीजांकडून इंग्लंडच्या राजाकडे आली ती १६६१ च्या लग्नाच्या करारात, आणि १६६८ मध्ये राजाने ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पाउंड भाड्याने देऊन टाकली. हे बहुतेकांना माहीत असतं. पुढचं कमी जणांना माहीत असतं. कंपनीने इथे गाव वसवलं खरं, पण समुद्रावर कान्होजी आंग्रे आणि जमिनीवर मराठे, दोन्हीकडून धास्ती. चार्ल्स बून हा गव्हर्नर १७१५ च्या शेवटी आला, त्याने गावाभोवती तट बांधायचं काम जोरात काढलं आणि आंग्र्यांवर मोहिमाही काढल्या, त्यातल्या कुठल्याही मोहिमेला धड यश आलं नाही. मग १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि मुंबईत अशी घबराट उडाली की तटाबाहेर खंदक खणायला शहरातल्या व्यापाऱ्यांनी स्वतः वर्गणी काढली! शाळेच्या पुस्तकात आपण वसईच्या मोहिमेतला पराक्रम वाचतो, पण तिचा परिणाम मुंबईच्या नकाशावर झाला हे कोणी सांगत नाही.

तटाला तीन दरवाजे होते. दक्षिणेला अपोलो गेट, उत्तरेला बाजार गेट आणि पश्चिमेला चर्च गेट. चर्च गेट होतं ते आजच्या फ्लोरा फाउंटनच्या जागी. म्हणजे आपण ज्या दरवाजाच्या नावाच्या स्टेशनवर रोज उतरतो तो दरवाजा स्टेशनपासून चांगला आठ-दहा मिनिटं चालत होता. आणि त्यातलं चर्च म्हणजे हॉर्निमन सर्कलजवळचं सेंट थॉमस कथीड्रल, १७१८ च्या ख्रिसमसला उघडलेलं. जुन्या मुंबईत मैलांचे दगड लावले तेव्हा अंतर ह्या चर्चपासून मोजलेलं आहे. ते दगड अजून दादर-परळकडे फुटपाथवर सापडतात, काही तर रस्ता उंच होत गेल्यामुळे गळ्यापर्यंत गाडले गेले होते.

१८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरने तट पाडला, कारण आत दाटीवाटी, घाण, रोगराई आणि बाहेर शहर केव्हाच पसरलेलं. मोकळ्या झालेल्या जागेवर जे उभं राहिलं तेच आपण ह्या वॉकमध्ये बघतो.

मग किल्ल्याचं काहीच उरलं नाही का?

अगदीच नाही असं नाही. सीएसएमटीच्या मागे सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात फोर्ट जॉर्जच्या भिंतीचा एक तुकडा आहे. आणि टाउन हॉलच्या मागे नौदलाच्या आवारात बॉम्बे कॅसलचे अवशेष आहेत, पण ती डिफेन्सची जागा आहे, आपल्याला आत सोडत नाहीत आणि गेटवर फोटोचा हट्ट पण करू नका. ह्या तळाचं नाव काय माहितीये? आयएनएस आंग्रे. ज्याच्या धास्तीने तट बांधला त्याच्याच नावाने आज तो कॅसल ओळखला जातो, मला तर हे गेटवेपेक्षा जास्त आवडतं. फेब्रुवारी १९४६ मध्ये नौसैनिकांचा उठाव झाला तेव्हा ह्याच कॅसल बॅरॅक्समध्ये गोळीबार झाला होता, त्या वेळी आंग्रे हे नाव अर्थातच नव्हतं.

सीएसएमटी तर रोजच बघतो, त्यात नवीन काय बघायचं?

रोज बघता? खरं सांगा, इंडिकेटर बघता.

रस्ता क्रॉस करून समोरच्या बाजूला, महापालिकेच्या कोपऱ्यावर उभे राहा आणि मग बघा. गेटच्या दोन खांबांवर एक सिंह, एक वाघ. सिंह म्हणजे ब्रिटन, वाघ म्हणजे भारत. मधल्या घुमटावर हातात मशाल घेतलेली बाई ती प्रगती. खाली भिंतीवर नीट बघितलं तर माकडं, मोर, साप, पानं, वेली, चिक्कार कोरीवकाम आहे आणि त्यातलं बरंचसं जेजे स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केलेलं आहे. जेजे तिथून पाच मिनिटांवर, १८५७ मध्ये सुरू झालेलं. आर्किटेक्ट फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. काम १८७८ ला सुरू झालं, दहा वर्षं चाललं, खर्च आला साधारण १६ लाख रुपये. आज त्या पैशात ह्या भागात पार्किंगची जागा तरी येईल का शंकाच आहे.

आता दर्शनी भागावरचे गोल शोधा, ज्यात माणसांचे चेहरे आहेत. हे जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेशी संबंधित बडे लोक. बहुतेक साहेब, पण त्यात दोन आपले आहेत, जमशेटजी जीजीभाई आणि नाना शंकरशेट म्हणजे जगन्नाथ शंकरशेट. पगडीवरून ओळखता येतात. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली पॅसेंजर गाडी सुटली, १४ डबे, ४०० पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, त्या रेल्वेच्या मागे जे लोक उभे होते त्यात नाना होते. ही बिल्डिंग तेव्हा नव्हती, ती नंतरची. व्हिक्टोरिया राणीचा पुतळा इथे दर्शनी भागात होता, तो काढला, ती जागा रिकामीच आहे. स्टेशनचं नाव १९९६ मध्ये बदललं, युनेस्कोच्या यादीत २००४ मध्ये आलं, आणि २०१७ मध्ये नावात ‘महाराज’ जोडलं गेलं.

आतलं हेरिटेज म्युझियम सोमवार ते शुक्रवार, तिकीट काढून बघता येतं. तो मधला जिना बघण्यासाठी तरी एकदा जा. २६/११ ला इथेच गोळीबार झाला, त्यात गेलेल्यांची आठवण म्हणून स्टेशनात पाटी आहे, तिथे सेल्फी काढू नका एवढीच विनंती.

महापालिकेची बिल्डिंग पण बघायची का?

हो, तुम्ही तिच्यासमोर उभेच आहात. ती पण स्टीव्हन्सचीच, १८९३ मध्ये पूर्ण झाली. समोरचा पुतळा फिरोजशहा मेहतांचा, त्यांनीच ह्या शहराची महापालिका उभी करायला जन्म घालवला.

डी. एन. रोडवर काय आहे? फक्त फेरीवाले दिसतात.

फेरीवाल्यांच्या डोक्यावर बघा. पूर्वीचा हॉर्नबी रोड हा. तट पाडल्यावर रुंद केला आणि नियम असा केला की प्रत्येक बिल्डिंगने खाली कमानींचा ओटा सोडायचा, लोकांना सावलीत चालता आलं पाहिजे. त्यामुळे प्रत्येक मालकाची बिल्डिंग वेगळी, स्टाइल वेगळी, कोणाचं गॉथिक कोणाचं पारशी अग्यारीसारखं, पण खालच्या कमानी सलग. फेरीवाले तिथे बसतात ते सावली आहे म्हणूनच, त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, ती जागा पब्लिकसाठीच होती.

ह्याच रस्त्यावर सिद्धार्थ कॉलेज आहे, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये सुरू केलेलं. बहुतेक गाइड इथून पुढे निघून जातात, कारण बिल्डिंगवर राक्षसाचं तोंड कोरलेलं नाही. तुम्ही थांबा. पुढे काळ्या घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेज लागेल, जिथे बाबासाहेब स्वतः शिकले आणि १९१२ मध्ये बीए झाले. एका रस्त्यावर त्यांनी उभं केलेलं कॉलेज आणि थोड्याच अंतरावर ते शिकले ते कॉलेज, असा वॉक खरं तर वेगळाच करायला पाहिजे.

हुतात्मा चौक आणि फ्लोरा फाउंटन एकच ना?

जागा एकच, गोष्टी दोन. कारंजं १८६४ चं. रोमन देवता फ्लोरा, दगड इंग्लंडहून आणलेला, डिझाइन नॉर्मन शॉचं, शिल्प जेम्स फोर्सिथचं. मुळात ते भायखळ्याच्या राणीबागेत लावायचं ठरलं होतं आणि शेवटी इथे पाडलेल्या चर्च गेटच्या जागी आलं. नवीन शहर सुरू झालं त्याची खूण म्हणा.

दुसरी गोष्ट आपली. २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या लोकांवर इथे पोलिसांनी गोळीबार केला, १५ जण गेले. मोर्चा विधानसभेकडे जायचा होता आणि तेव्हाची विधानसभा म्हणजे मंत्रालयाजवळची आजची इमारत नाही, रीगल सिनेमासमोर आज जिथे महाराष्ट्र पोलीस मुख्यालय आहे ती दगडी बिल्डिंग. वॉकच्या शेवटी तुम्ही तिच्यासमोरून जाल तेव्हा मागे वळून अंतर बघा, किती थोडं राहिलं होतं. चळवळीत एकूण १०६ हुतात्मे झाले असं आपण म्हणत आलोय. १ मे १९६० ला राज्य झालं आणि मशाल घेतलेल्या शेतकरी-कामगाराचं स्मारक नंतर उभं राहिलं.

मला नेहमी वाटतं की लोक कारंज्याचा फोटो काढतात आणि स्मारकाकडे पाठ करतात, उलटं पण करत जा. २१ नोव्हेंबरला सकाळी गेलात तर फुलं वाहायला लोक आलेले असतात, त्या दिवशी वॉक इथेच थांबला तरी चालेल.

हे सगळं ब्रिटिशांनीच बांधलं ना, मग आपण कौतुक कशाला करायचं?

हा प्रश्न येतोच, आणि रागाने येतो. कौतुक करू नका हवं तर, पण हिशोब बघा.

पैसा कोणाचा होता? १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस बंद पडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस लागला, तो जाणार मुंबईच्या बंदरातून. चार वर्षं शहरात नुसता पैसा वाहत होता, शेअर निघत होते, समुद्र बुजवायच्या कंपन्या निघत होत्या, १८६५ मध्ये तिकडचं युद्ध संपलं आणि इकडचा फुगा फुटला, बँका बुडाल्या, कोट्यधीश रस्त्यावर आले. ह्या तेजीचा राजा म्हणजे प्रेमचंद रायचंद. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीला २ लाख आणि टॉवरला २ लाख त्याचे, आणि टॉवरला नाव आईचं, राजाबाई. बाजूचा पदवीदान समारंभाचा हॉल कावसजी जहांगीर ह्यांच्या देणगीचा. काळ्या घोड्याची लायब्ररी बगदादी ज्यू ससून कुटुंबाची. जेजे म्हणजे जमशेटजी जीजीभाई. आणि हे पण सांगायलाच पाहिजे की जीजीभाई आणि ससून ह्यांचा बराच पैसा चीनला अफू विकून आलेला होता, ह्या सुंदर दगडात कुठेतरी तो पण आहे.

डोकं कोणाचं? पाटीवर स्टीव्हन्सचं नाव, पण सीएसएमटीच्या कामावर त्याच्या हाताखाली सीताराम खंडेराव होते. पुढे ताजमहाल हॉटेलच्या डिझाइनमध्ये रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा ही नावं येतात. वैद्य मध्येच वारले म्हणून डब्ल्यू. ए. चेंबर्स ह्या इंग्रज आर्किटेक्टने काम पूर्ण केलं. राजाबाई टॉवरचा आर्किटेक्ट जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट, तो तर मुंबईत कधी आलाच नाही, लंडनहून ड्रॉइंग पाठवली. मग ती ड्रॉइंग दगडात कोणी उतरवली? कुर्ल्याचा दगड, मालाडचा पिवळा दगड, पोरबंदरचा मऊ दगड, आणि घाम इथल्या गवंडी, पाथरवट, बिगारी लोकांचा, ज्यांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत. त्यामुळे ‘ब्रिटिशांनी बांधलं’ हे वाक्य मला अर्धवट वाटतं. त्यांची सत्ता होती, बांधणारे आणि पैसे देणारे बहुतेक इथलेच.

हॉर्निमन कोण? आणि त्या गोलाला त्याचं नाव कशाला?

बेंजामिन हॉर्निमन इंग्रज होता, बॉम्बे क्रॉनिकलचा संपादक. जालियनवाला बागेच्या वेळी सरकारविरुद्ध लिहिलं म्हणून १९१९ मध्ये त्याला त्याच्याच सरकारने देशाबाहेर काढलं. स्वातंत्र्यानंतर एल्फिन्स्टन सर्कलला त्याचं नाव मिळालं. म्हणजे एक गव्हर्नर गेला आणि एक पत्रकार आला, नामांतरं अशी व्हावीत.

हा गोल पूर्वी नुसतं मोकळं मैदान होतं, कापसाच्या गासड्या पडलेल्या असायच्या. इथेच टाउन हॉलसमोर वडाखाली दलाल जमायचे, त्यातून १८७५ मध्ये शेअर दलालांची असोसिएशन झाली, तेच आजचं बीएसई, दलाल स्ट्रीट बाजूलाच आहे, टॉवर दिसतोच. लाल रंगाची बिल्डिंग दिसेल ती मुंबई समाचारची. १ जुलै १८२२ पासून चालू असलेलं गुजराती वर्तमानपत्र, आशियातलं सगळ्यात जुनं, आजही निघतं. आपल्या बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ चं, ते पण मुंबईतच, पण ते फार वर्षं टिकलं नाही. गुजराती व्यापाऱ्याला बाजारभाव हवा होता म्हणून त्यांचा पेपर टिकला आणि आपल्याकडे विचार जास्त जाहिराती कमी, असं माझं मत, भांडायचं असेल तर चहा पाजा.

टाउन हॉल म्हणजे एशियाटिक सोसायटी, १८३३ ला पूर्ण झालेली. पायऱ्या ३०. १ नोव्हेंबर १८५८ ला राणीचा जाहीरनामा, म्हणजे कंपनी गेली आणि राज्य आता राणीचं, इथून वाचून दाखवला. सिनेमा-सिरियलमध्ये हीच बिल्डिंग कोर्ट म्हणून दाखवतात, त्यामुळे दर ग्रुपमध्ये एकजण तरी विचारतोच की हायकोर्ट हे का. नाही. आत ग्रंथालय आहे, जुनी पुस्तकं, नाणी, नालासोपाऱ्याच्या स्तुपातले अवशेष, आणि नाना शंकरशेटांचा पुतळा. बंद असेल तर पायऱ्यांवर बसा, ह्या वॉकमधली विश्रांतीची सगळ्यात चांगली जागा तीच.

हायकोर्टात आत जाता येतं का?

कामाच्या दिवशी, ओळखपत्र दाखवून, मोबाइल सायलेंट, फोटो नाही. नियम बदलत असतात, गेटवर विचारा आणि नाही म्हणाले तर वाद घालू नका. जमलं तर बघायचं ते सेंट्रल कोर्ट. जुलै १९०८ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा खटला इथे चालला. न्यायमूर्ती होते दावर, जे १८९७ च्या खटल्यात वकील म्हणून टिळकांच्या बाजूने उभे होते! टिळकांनी ह्या वेळी स्वतःच बाजू मांडली, ज्यूरीने दोषी ठरवलं, सहा वर्षं शिक्षा, मंडाले. शिक्षेनंतर गिरणगावातल्या कामगारांनी सहा दिवस संप केला, एका वर्षाला एक दिवस. ज्यूरी काहीही म्हणो मी निर्दोष आहे, ह्या अर्थाचे त्यांचे शब्द तिथे पाटीवर आहेत, ती पाटी १९५६ मध्ये त्याच कोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती छागला ह्यांनी लावली.

बाहेरून बघत असाल तर एका खांबावर हातात तराजू घेतलेलं एका डोळ्यावर पट्टी बांधलेलं माकड शोधा. चिडलेल्या कंत्राटदाराने कोरून घेतलं अशी कथा आहे, कथा म्हणूनच ऐका.

राजाबाई टॉवरवर चढता येतं का?

नाही. खालून बघा, उंची ८५ मीटर, १८७८ ला पूर्ण. प्रेमचंदची आई सूर्यास्ताआधी जेवायची, दिसायचं कमी, म्हणून वेळ कळायला घंटा, असं सांगतात.

ओव्हल मैदानाच्या दोन बाजू इतक्या वेगळ्या कशा?

मैदानाच्या मध्ये उभे राहा, क्रिकेटचा बॉल सांभाळून. पूर्वेला टॉवर, हायकोर्ट, सगळं टोकदार, दगडी, १८७० च्या आसपासचं. तेव्हा ह्या बिल्डिंगा जवळजवळ समुद्राकडे तोंड करून होत्या, तुमच्या पाठीमागे जे चर्चगेट-मरीन ड्राइव्ह आहे ते नव्हतंच. मग बॅकबेचा भराव झाला आणि १९३० च्या दशकात पश्चिमेला आर्ट डेको बिल्डिंगा आल्या. सिमेंट काँक्रीट, गोल बाल्कन्या, खिडक्यांवर छज्ज्यांच्या आडव्या पट्ट्या, जहाजासारख्या रेलिंग, लिफ्ट, फ्लॅट सिस्टिम. मध्ये फक्त एक मैदान आणि साठेक वर्षं. ह्या दोन्ही बाजू मिळून २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्या, ९४ बिल्डिंगा.

मला विचाराल तर पश्चिम बाजू जास्त महत्त्वाची, कारण आपली मुंबई, म्हणजे फ्लॅटमध्ये राहणारी, सिनेमाला जाणारी, तिथून सुरू होते. इरॉस १९३८ चं, आर्किटेक्ट सोराबजी भेदवार. रीगल १९३३ चं आणि ते बांधलं चार्ल्स स्टीव्हन्सने, म्हणजे सीएसएमटीवाल्या स्टीव्हन्सच्या मुलाने. बापाने दगडात माकडं कोरून घेतली, मुलाने एसी थिएटर बांधलं. फाउंटनकडे येताना महात्मा गांधी रोडवर न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची बिल्डिंग लागते, तिच्यावरच्या उंच शेतकरी-कामगार आकृत्या एन. जी. पानसरे ह्यांच्या, त्या चुकवू नका.

काळा घोडा कुठाय?

मूळचा राणीबागेत, भाऊ दाजी लाड म्युझियमच्या बाहेर. त्यावर एडवर्ड सातवा (तेव्हाचा युवराज) बसलेला, ससूनने दिलेला, १८७९ चा. १९६५ मध्ये साहेबासकट हलवला. घोडा गेला तरी नाव कोणी बदललं नाही, ५० वर्षं चौक बिनघोड्याचा होता, मग २०१७ मध्ये नवीन घोडा आला, ह्याच्यावर स्वार नाही. चांगला निर्णय. इथेच वॉटसन हॉटेलची लोखंडी सांगाड्याची बिल्डिंग आहे, सांगाडा इंग्लंडहून बनवून आणलेला, ७ जुलै १८९६ ला ल्युमिए बंधूंचे सिनेमे भारतात पहिल्यांदा दाखवले ते इथे. बिल्डिंगची अवस्था वाईट, २०१९ मध्ये कोर्टाच्या आदेशाने रिकामी केली. खालून जाताना आत वाकू नका.

गाइड लोक सांगतात त्या गोष्टी खऱ्या असतात का?

काही. ‘ताज उलटा बांधला गेला, आर्किटेक्टने ते बघून जीव दिला’, ही थाप. मुख्य दरवाजा शहराच्या बाजूला मुद्दामच ठेवलेला, घोडागाड्या तिकडून यायच्या. ‘जमशेटजी टाटांना वॉटसनमध्ये प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज बांधला’, ह्याला भक्कम कागदोपत्री पुरावा नाही, पण गोष्ट इतकी छान आहे की मरणार नाही. ताज १६ डिसेंबर १९०३ ला उघडला आणि तेव्हा समोर गेटवे नव्हता, एवढं मात्र पक्कं.

गेटवे राजाच्या स्वागतासाठी बांधला ना?

राजा, म्हणजे पाचवा जॉर्ज, आला डिसेंबर १९११ मध्ये, गेटवे पुरा झाला १९२४ मध्ये. राजाने बघितलं ते तात्पुरतं उभं केलेलं मॉडेल! आर्किटेक्ट जॉर्ज विटेट, म्युझियम पण त्याचंच. २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची ब्रिटिश पलटण ह्याच कमानीखालून जहाजावर गेली. आता गेटवेसमोर घोड्यावरचे शिवाजी महाराज आहेत, १९६१ पासून.

पावसाळ्यात जमेल का?

जमेल, आणि दगड ओला झाला की रंग मस्त दिसतो. चपला नको, बूट नको, सँडल घाला. भरती आणि जोराचा पाऊस एकत्र असेल त्या दिवशी घरी बसा.

आजी-आजोबा, लहान मुलं चालतील का?

अर्धाच करा. हुतात्मा चौक ते काळा घोडा, मध्ये हॉर्निमनच्या बागेत बसून. मेट्रो ३ चं हुतात्मा चौक स्टेशन आता सोयीचं आहे. मुलांना तारखा सांगू नका, प्राणी शोधायला लावा, सीएसएमटीवरच अर्धा तास जातो. टॉयलेटची सोय स्टेशनवर आणि म्युझियममध्ये बरी, मध्ये फारशी नाही, निघतानाच विचार करा.

खायचं काय?

सुरुवात सीएसएमटीसमोर, आरामचा वडापाव किंवा पंचमकडे पुरीभाजी. फोर्टातली बरीच ठिकाणं ऑफिसवाल्यांवर चालतात म्हणून रविवारी बंद असतात, इराण्याकडे जायचं ठरवून आलात तर आधी फोन करा. कोपऱ्यावरचा कटिंग कुठेही मिळतो.

गाइड घ्यावा की आपलं आपण जावं?

पहिल्यांदा आपलं आपण. दुसऱ्यांदा गाइडबरोबर, म्हणजे त्याला प्रश्न विचारता येतात आणि थापा पकडता येतात.

हा झाला, आता पुढचा कुठला?

गिरगाव करा, खोताच्या वाडीपासून. किंवा भायखळा, म्हणजे राणीबागेतला खरा काळा घोडा आणि भाऊ दाजी लाड म्युझियम एकाच दिवसात होतं, बुधवारी मात्र जाऊ नका, बंद असतं. गिरणगाव शेवटी ठेवा. तिथे बिल्डिंगा कमी उरल्यात आणि विचारायची माणसं जास्त आहेत, त्यामुळे तो वॉक सकाळी सातला होत नाही, संध्याकाळी लोक खाली येऊन बसतात तेव्हा जावं लागतं.